जळगावात लॉन: तयार गादी आणायची का हरळी डोबायची?

घरापुढं थोडी मोकळी जागा असली की पहिला मोह गादीचाच होतो, म्हणजे मातीसकट वाढवलेल्या तयार गवताच्या पट्ट्यांचा, नर्सरीवाला मेक्सिकन ग्रास आणून अंथरतो अन् संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार, फोटोला एकदम झकास. पण आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, आणि गादी बऱ्याचदा लाल मातीत वाढवलेली असते, दोघींचं लवकर जमत नाही, मुळं वरच्यावरच राहतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कडा आधी करपतात. पाणी जवळपास रोज लागतं, ते उन्हाळ्यात आणायचं कुठून?

हरळी म्हणजे आपली दूर्वाच, शेतात जिला शिव्या देतो तीच. जून-जुलैत पाऊस झाला की कांड्या ३-४ इंचावर डोबायच्या, खर्च काय तो मजुरीचा. पण दोन-तीन महिने अंगण उजाड दिसतं आणि लव्हाळ्याचं तण उपटून उपटून कंबर जाते (गाठीसकट काढा, नाहीतर परत आहेच). पाणी तुटलं तर वाळल्यासारखी दिसते, पाऊस आला की परत फुटते. सावलीत मात्र विरळच, निंबाखाली तिचा नाद सोडा.

मी तर हरळीच लावेन, घरात लग्न तोंडावर असेल तर गादी.