तीन सामन्यांनंतर कशावर विश्वास ठेवायचा: गुणतालिका, एक्सजी की मागचा हंगाम?

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या गुणतालिकेत टॉटनहॅम अगदी वर होता आणि आर्सेनल अगदी तळाला. टॉटनहॅमचे तीन सामने, तीन विजय, नऊ गुण. आर्सेनलचे तीन पराभव, नऊ गोल खाल्लेले आणि केलेला एकही नाही. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा टॉटनहॅम ७१ गुणांसह चौथा आला आणि आर्सेनल ६९ गुणांसह पाचवा.

सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते, तेव्हा फँटसी (खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ निवडून गुण मिळवण्याचा खेळ) खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वाइल्डकार्डचा, म्हणजे एकदम हवे तितके खेळाडू बदलण्याच्या संधीचा, विचार घोळत असतो. वर असलेल्या संघाचे खेळाडू घ्यावेत, की खाली दिसणाऱ्यांवर भरवसा ठेवावा? हा निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

आधी गुणतालिका, कारण सगळे तीच बघतात. २००८-०९ मध्ये खालच्या लीगमधून नव्याने वर आलेल्या हल सिटीने पहिल्या नऊ सामन्यांत २० गुण मिळवले. आर्सेनल आणि टॉटनहॅमला त्यांच्याच मैदानांवर हरवलं. पुढच्या २९ सामन्यांत त्यांना मिळाले फक्त १५. पण ते २० गुण वाया गेले असं अजिबात नाही. हल ३५ गुणांवर सतरावा राहून वाचला आणि न्यूकॅसल ३४ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेला. म्हणून ‘हा संघ लीगमध्ये टिकेल का’ असं विचारायचं असेल तर तालिका बघावी. ‘हा संघ किती चांगला आहे’ याचं उत्तर तिच्याकडे इतक्या लवकर नसतं.

गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून येणारा आकडा, त्याहून बरा मानतात. मला सुरुवातीच्या आठवड्यांत तो जास्त फसवा वाटतो, कारण एकच वाईट दिवस तो बिघडवून टाकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये साउदॅम्प्टन घरच्या मैदानावर लेस्टरकडून ०-९ हरला. बाराव्या मिनिटालाच त्यांच्या खेळाडूला लाल कार्ड मिळालं होतं. हंगामाअखेर साउदॅम्प्टनचा गोलफरक होता उणे ९. म्हणजे उरलेल्या ३७ सामन्यांचा हिशेब बरोबरीत होता, आणि संघ ५२ गुणांसह अकरावा आला.

आता एक्सजी, म्हणजे ‘एक्स्पेक्टेड गोल्स’ किंवा अपेक्षित गोल. प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता किती, याचा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान काढायचा आणि सगळ्या फटक्यांची बेरीज करायची. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल. याचं मोल कळायला टॉटनहॅमचे ते तीन विजयच पुरेत. तिन्ही १-० असे. वुल्व्हजविरुद्धचा गोल पेनल्टीवर आला, वॉटफर्डविरुद्धचा सॉनच्या दुरून मारलेल्या फ्री किकवर, जिला वाटेत कोणाचाही पाय लागला नाही. वुल्व्हजने तर त्या सामन्यात फटक्यांचा भडिमार केला होता. नऊ गुणांमागे संधी फार थोड्या होत्या. पुढच्या तीन सामन्यांत क्रिस्टल पॅलेस, चेल्सी आणि आर्सेनल यांनी मिळून टॉटनहॅमवर नऊ गोल चढवले, आणि १ नोव्हेंबरला प्रशिक्षक नुनो यांना जावं लागलं.

ब्रायटनची गोष्ट याच्या उलट. २०२०-२१ मध्ये ते ४१ गुणांसह सोळावे आले, पण एक्सजी सांगत होतं की हा संघ वरच्या निम्म्यातला आहे. पुढच्या वर्षी ते नववे आले. यात एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. एक्सजी खरं ठरायला तिथे एक अख्खा हंगाम गेला. तोवर ज्यांनी ब्रायटनचे आक्रमणातले खेळाडू घेतले, त्यांनी नुसती वाट बघितली. शिवाय आघाडी मिळाल्यावर मागे सरकून खेळणाऱ्या संघाचं एक्सजी कमी दिसतं, आणि एकदोन पेनल्ट्यांनी ते फुगतं. सप्टेंबर २०२० मध्ये लेस्टरने मँचेस्टर सिटीला ५-२ हरवलं, त्यात तीन पेनल्ट्या होत्या. त्या निकालावरून सिटीला मोडीत काढणाऱ्यांनी मे महिन्यात सिटीला विजेतेपदाचा चषक उचलताना पाहिलं.

राहिला मागचा हंगाम. २०२०-२१ मध्ये टॉटनहॅम ६२ गुणांसह सातवा आणि आर्सेनल ६१ गुणांसह आठवा होता. एका गुणाचं अंतर, आणि वर्षभराने दोन गुणांचं! ऑगस्टच्या त्या तीन सामन्यांपेक्षा जुन्या ३८ सामन्यांनी किती खरं सांगितलं होतं बघा. हा निकषही चुकतो. २०१४-१५ मध्ये चौदाव्या आलेल्या लेस्टरने पुढच्या वर्षी ८१ गुणांनी लीग जिंकली. पण लेस्टरने त्या जुन्या हंगामातले शेवटचे नऊपैकी सात सामने जिंकले होते, हे किती जणांनी पाहिलं होतं?

त्यामुळे पहिल्या पाच सामन्यांपर्यंत मी मागच्या हंगामाला, त्यातही त्याच्या शेवटच्या टप्प्याला, सगळ्यात जास्त वजन देतो. पेनल्ट्या वगळलेलं एक्सजी दुसरं. दहाव्या सामन्याच्या सुमारास एक्सजी पहिल्या जागी येतं. गुणतालिका दोन्ही वेळा शेवटी.

त्याआधी दोन गोष्टी नक्की तपासाव्यात: समोर कोण होतं आणि मैदानात कोण होतं. आर्सेनलचे दोन पराभव चेल्सी आणि सिटीकडून झाले होते, म्हणजे युरोपच्या आणि इंग्लंडच्या विजेत्यांकडून. आर्सेनलचा गोलरक्षक रॅम्सडेल आणि बचावपटू तोमियासू व गॅब्रिएल हे तिघेही लीगमध्ये त्या हंगामात पहिल्यांदा उतरले ते चौथ्या सामन्यात, ११ सप्टेंबरला, आणि आर्सेनलने नॉर्विचला १-० हरवलं. मात्र त्या एका विजयावर मी तेव्हाही वाइल्डकार्ड लावलं नसतं. समोरचा नॉर्विचही पहिले तिन्ही सामने हरून आला होता, आणि तो शेवटी २२ गुणांसह तळालाच राहिला.