शिशाचा जुना रंग: खरवडायचा की झाकायचा?
जुन्या घराच्या रंगात शिसं निघालं, तर तो खरवडून काढता येतो किंवा वर थर देऊन झाकता येतो. खरवडला की प्रश्न कायमचा मिटतो, पण खरा धोका त्या कामातच आहे. कोरडा पॉलिश पेपर मारला की बारीक धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातांवाटे थेट पोटात जाते. शिशामुळे मेंदूला झालेली इजा सहसा भरून येत नाही. म्हणून रंग ओला करूनच, जाणकाराकडूनच काढून घ्यावा. तोवर मुलं दुसरीकडे.

झाकणं स्वस्त पडतं. भिंत धड असेल तर माझी पसंती त्यालाच, फक्त त्यासाठीचा खास लेप हवा, साधा रंग नव्हे. खिडक्यांना मात्र हे चालत नाही. उघडझाप करताना झडप चौकटीला घासते, थर निघतो, धूळ पुन्हा सुरू. तिथे अख्खी खिडकीच बदललेली बरी.