‘जरा डावीकडे कडक आहे, पंधरा दिवसांत मोकळा होईल’

घोड्याच्या सौद्यात हे वाक्य कानावर आलं की बयाण्याचे पैसे खिशातच राहू द्या. वाक्य अगदीच खोटं नसतं, म्हणून तर माणसं फसतात. जवळजवळ प्रत्येक घोडा एका बाजूला सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, जसे आपण उजवे किंवा डावखुरे. पण या खऱ्या गोष्टीच्या आड दोन फसवणुका चालतात. दुखणाऱ्या जनावराला ‘कडक’ म्हणून गळ्यात मारतात, आणि पुढे ते ‘मोकळं’ करून देतो म्हणत दुसराच कोणी महिन्याची फी घेऊन त्याची मान बिघडवून परत आणून देतो. पैसे जातात घोडा विकत घेणाऱ्याचे, भोगतं मात्र जनावर.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोडेबाजार भरतो. तिथे आणि इतर यात्रांतही घोडा दाखवतात तो बहुधा सरळ वाटेवर, रवाल या स्वाराला हादरे न देणाऱ्या वेगवान चालीत. सरळ रेषेत एकांगीपणा झाकला जातो आणि रवालीत बारीक लंगडणं पटकन डोळ्यात भरत नाही. घेणारा देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा शोधतो, अंगावरचे बाकी केसांचे भोवरे तपासतो, कानांची टोकं जुळतात का बघतो, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असला की हरखतो. वळताना मागचा पाय कुठे पडतो ते कोणी बघत नाही. गोल फिरवून दाखवा म्हटलं की दलाल गर्दीकडे बोट दाखवतो.

रायडिंग क्लबच्या किंवा रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या व्यवहारात हेच काम व्हिडिओ करतो. घोडा फक्त उजव्या हाताला, म्हणजे वर्तुळाची आतली बाजू उजवीकडे, असा कँटर (दुडकीपुढची, झेपांची चाल) करताना दिसतो. डाव्या हाताचा व्हिडिओ मागितला की दुसरा येतो, आणि तो पहिलाच आरशासारखा उलटवलेला असू शकतो. पांढरा पाय कोणत्या बाजूला आहे, आयाळ कुठे पडते, मागच्या पाटीवरची अक्षरं सरळ आहेत का, स्वाराच्या शर्टाची बटणं कोणत्या बाजूला आहेत, हे थांबवून बघा. एका हाताचा कँटर दाखवायला विक्रेता टाळतो तेव्हा त्याला कारण माहीत असतं.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा दोन डाव संभवतात. पहिला औषधाचा. फिनाइलब्युटाझोन, ज्याला तबेल्यात ‘ब्युट’ म्हणतात, दिलं की सांध्याचं दुखणं त्या दिवसापुरतं दबतं. भडक जनावराला एसीप्रोमाझिन देऊन शांत करतात. मान खाली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा वर आलेला, आणि नर असेल तर लिंग लोंबतं राहिलेलं, ही त्याची खूण. दुसरा डाव तुम्ही पोहोचण्याआधी घोडा तासभर राबवून ठेवण्याचा. सांधे झिजलेलं जनावर गरम झालं की बरंच सुटतं. तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) आणि खोगिराच्या जागी वाळलेल्या घामाचे पांढरे डाग दिसले तर परत फिरा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न कळवता या. घोडा तुमच्यासमोर तबेल्यातून बाहेर यावा, पहिली वीस पावलं तुम्ही स्वतः पाहावीत.

मग कडक सपाट जमिनीवर, पाठीवर कोणी नसताना, मोरकीची (तोंडावरच्या दोरखंडी पट्ट्याची) दोरी सैल सोडून घोडा दुडक्या चालीत सरळ न्यायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही, फक्त पावलं आखूड पडतात. अशाच घोड्याला ‘कडक’ म्हणून खपवणं सर्वांत सोपं. त्यानंतर त्याच जमिनीवर दोन्ही हातांना लंजिंग करून, म्हणजे लांब दोरीवर धरून, गोल फिरवा. आतल्या पायाचं दुखणं कडक जमिनीच्या वर्तुळात बहुतेकदा वाढतं. केवळ एकांगी घोडा खांदा आत टाकेल, डोकं बाहेर काढेल, चुकीच्या पायावर, म्हणजे बाहेरचा पुढचा पाय आघाडीला ठेवून, कँटर धरेल, पण दुडकीचा ताल तुटणार नाही.

कधी स्वार वर बसला की ताल चुकतो आणि एरवी चुकत नाही. तेव्हा स्वाराला लगाम पूर्ण सैल सोडायला सांगा. ताल परत आला तर शंका स्वाराच्या हातावर, तोंडावर किंवा मानेवर घ्या. नाही आला तर पायावर आणि पाठीवर.

हे सगळं पार पडल्यावरच व्हेट, आणि तो तुमचा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. सांधा साधारण मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकी पळवण्याची चाचणी तो करेल. तपासणीच्या वेळीच रक्ताची नळी काढून ठेवायला सांगा. आठवड्याने घोडा लंगडला तर औषध दिल्याचा तेवढाच पुरावा उरतो.

आता दुसरी फसवणूक. घोडा खरोखरच फक्त एकांगी निघाला आणि तुम्ही तो ‘मोकळा करून देणाऱ्या’कडे पाठवला. महिन्याने तो माणूस तुमच्यासमोर घोड्याचं नाक अलगद रिकिबीला लावून दाखवतो, आणि बघणारा खूश होतो. हे काम बहुधा दोरीने झालेलं असतं. तोंड एका बाजूला तंगाला किंवा रिकिबीला बांधून घोडा तास न् तास उभा केलेला असतो. घोड्याची मान मुळातच लवचीक. ती वाकवणं म्हणजे शरीर वाकवणं नव्हे. बरगड्यांचा भाग फार थोडा वाकतो आणि खरं वळण येतं ते आतला मागचा पाय पोटाखाली आल्याने. दोरीने बांधलेला घोडा खांद्यापाशी मोडायला शिकतो: नाक डावीकडे, अंग उजवीकडे घसरतंय. हे सोडवायला मूळ कडकपणापेक्षा जास्त वेळ लागतो.

ओळखायची चाचणी सोपी आहे. साधारण 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात कडक बाजूच्या हाताला दुडकी चालवा आणि आतली लगाम तीन पावलं पुढे सोडून द्या. वर्तुळ आणि मान तशीच राहिली तर काम खरं. डोकं झटकन बाहेर गेलं किंवा खांदा आत कोसळला तर फी वाया गेली. तोंडाचे दोन्ही कोपरे उघडून बघा, ओल्या किंवा भरत आलेल्या जखमा असतील. काटेरी लगाम वापरली असेल तर गप्प बसू नका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत तिला मनाई आहे, आणि स्वारीच्या घोड्याचं तोंड काही वेगळ्या चामड्याचं नसतं.

खरं काम कसं दिसतं हे माहीत असलं की भामटा लवकर ओळखू येतो. चांगला माणूस पहिल्या दिवशी खोगीरच चढवत नाही. तो तोंडात हात घालून लांडगेदात (दाढांच्या पुढे येणारे, लगामाला अडणारे छोटे दात) आहेत का बघतो, वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार झाल्या आहेत का तपासतो. नालबंदी होऊन सहा आठवडे उलटलेत का, दोन्ही पुढचे खूर सारखे आहेत का, खोगीर एका बाजूला सरकतं का, तेही पाहतो. रिकिबीच्या दोन्ही वाद्या तो काढून शेजारी शेजारी धरतो. आपण नेहमी डावीकडून चढतो, त्यामुळे डावी वादी ताणून लांब होते, भोकं सारखी असली तरी. स्वार तिरका बसतो आणि दोष घोड्याच्या नावावर जातो. वाद्या दर महिन्याला अदलाबदल कराव्यात आणि चढताना ओट्यावर उभं राहावं. एवढ्यानेच काही घोडे निम्मे सरळ होतात.

मग काम. आठवड्यातून चार-पाच दिवस, तीस-चाळीस मिनिटं, त्यातली पहिली दहा-पंधरा सैल लगामीवर नुसती चाल. वर्तुळ मोठं, 20 मीटरचं. 10 मीटरचं आधीच मागितलं तर घोडा अंग आवळतो. सुरुवात सोप्या हाताला, मग कडक हाताला दोन-तीन फेऱ्या, लगेच हात बदल. कडक बाजूच घासत बसणारा माणूस चुकतोय, कारण डावीकडे कडक घोड्यात आखडलेली असते ती बहुधा उजवी बाजू. तो डाव्या लगामीवर लोंबतो आणि उजवी घेतच नाही. डावी ओढली की तो आणखी लोंबतो. डाव्या हाताला डाव्या पायाने बरगड्या बाहेर सारून त्याला उजव्या लगामीपर्यंत पोहोचवायचं. उजव्या हाताला उलट मान कमी वाकवायची आणि डावा खांदा बाहेर पळू द्यायचा नाही.

हे जमल्यावर ‘शोल्डर-इन’. 18व्या शतकात फ्रान्समध्ये अश्वशिक्षक द ला गेरिनिएरने बसवलेला हा व्यायाम याच दुखण्यावर आहे. भिंतीलगत चालीत पुढचे पाय एका पावलाएवढे आत, असे की समोरून तीन माग दिसावेत. पाच-सहा पावलं, मग सरळ पुढे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. स्नायू पंधरा दिवसांत बदलत नाहीत, आणि थोडा डावा-उजवा फरक आयुष्यभर राहतो. ‘पूर्ण सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही किंवा ते त्याला सांगायचं नाही.

घोडा शिकायला ठेवला असेल तर न कळवता जात राहा. रेती सारखी करून घोडा सरळ चालवायला लावा. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या रेषेत पडतोय की एका बाजूला, हे दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. शिकवणाऱ्याचा शब्द आणि हे फोटो जुळले पाहिजेत.

घोडा घेताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: रंग, खुणा आणि भोवऱ्यांसह वर्णन, दोन्ही हातांना चाल, दुडकी आणि कँटर पाहिल्याची नोंद, आज अंगात कोणतंही वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध नाही ही विक्रेत्याची सही, आणि रक्तात ते सापडलं तर किती दिवसांत पूर्ण रक्कम परत. पैसे बँकेतून द्या. थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) असेल तर त्याच्या पासपोर्टवरच्या, म्हणजे ओळखपुस्तिकेतल्या, खुणा घोड्याशी ताडून बघा. अशी पावती देत नाही असं उत्तर आलं, तर घोडा कितीही देखणा असो, मोरकी विकणाऱ्याच्या हातात परत द्या.