आठ वर्षांचा लॅपटॉप, सात स्क्रू आणि कंपनीचा हिरवा अहवाल

टचपॅडवर क्लिक होईनासं झालं तेव्हा मला वाटलं, आत धूळ गेली असेल. दोन दिवसांनी लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला. चारही रबरी पाय जागच्या जागी होते, तरी डावा कोपरा दाबला की उजवा वर यायचा. झाकण मिटलं तरी कडेला नखभर फट राहायची. भाचा आला होता. त्यानं मशीन उचलून डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि म्हणाला, "मावशी, आधी चार्जर काढ. बॅटरी फुगलीय."

मी मुद्रितशोधनाची आणि पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करण्याची कामं करते. रोजचे आठ-नऊ तास या एकाच मशीनवर जातात. हा रिव्ह्यू त्या मशीनचा आहे, पण त्याहून जास्त बॅटरी बदलायला निघाल्यावर कंपनीकडून मिळालेल्या सेवेचा आहे. कंपनी जगातल्या मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांपैकी एक. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते एका नावापुरतं नाही.

आधी मशीनबद्दल, कारण त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आठ वर्षांत की-बोर्डची एकही कळ निखळली नाही. डी आणि ई ही अक्षरं मात्र पार पुसली गेलीत. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत डी म्हणजे हलन्त आणि ई म्हणजे काना, त्यामुळे मराठी टाइप करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्क्रीन अजून स्वच्छ आहे, बिजागरी घट्ट आहे. चौथ्या वर्षी पीडीएफ जड व्हायला लागल्या तेव्हा मागचं झाकण काढून रिकाम्या खाचेत रॅमची, म्हणजे कामापुरत्या मेमरीची, दुसरी पट्टी बसवली, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकली. एका संध्याकाळचं काम होतं ते. त्यानंतर मशीन पहिल्या दिवसापेक्षा वेगानं चालायला लागलं. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांनी ते उघडलं जाणार हे गृहीत धरून केलं होतं. त्या अनोळखी माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आता सेवा. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला, बॅटरी बदलून हवी असं लिहिलं. तीन दिवसांत चार वेगवेगळ्या माणसांशी चॅट झालं. प्रत्येकाशी पहिल्यापासून सुरुवात, प्रत्येकाला सीरियल नंबर. चौघंही नम्र होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. उत्तर मात्र एकच होतं: या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, बॅटरी उपलब्ध नाही, जुना लॅपटॉप देऊन नवा घ्या, एक्स्चेंजची लिंक ही. "मशीन उत्तम चालू आहे, फक्त बॅटरी हवी आहे," असं मी चौथ्यांदा लिहिलं तेव्हा पलीकडच्या बाईंनी तीच लिंक पुन्हा पाठवली. त्यांच्या पडद्यावर बहुधा दुसरा पर्यायच नसावा.

एक गोष्ट कंपनीनं चांगली केली होती. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल साइटवर अजून ठेवलेलं होतं, सगळ्या आकृत्यांसकट. त्यात बॅटरीच्या पानावर लिहिलं होतं: सात स्क्रू, एक कनेक्टर. चिकटवलेलं काहीच नाही. मग सुट्या भागांच्या एका स्वतंत्र विक्रेत्याकडून पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवून बॅटरी मागवली. ती मूळ कंपनीची नाही, आणि ती पाच वर्षं टिकेल की दोन, हे कळायला मला मार्ग नाही. मूळ बॅटरी विकत मिळाली असती तर ही जोखीम घ्यावी लागली नसती.

फुगलेल्या बॅटरीला घरी हात लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी झाली की आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू धरतो. अशा बॅटरीला टोक लागलं, ती वाकली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. माझी बॅटरी स्क्रूवर होती, चार्ज जवळजवळ संपलेला होता, आणि भाच्याला या कामाचं शिक्षण आहे, म्हणून आम्ही ते केलं. बादलीभर वाळू शेजारी ठेवली होती. लोखंडी स्क्रूड्रायव्हर फक्त स्क्रूपुरता, बाकी सगळं प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं.

प्रूफच्या कोऱ्या पाठीवर मी लॅपटॉपचा आकार काढला आणि जिथला स्क्रू तिथे कागदात टोचत गेले, कारण दोन लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालच्या बोर्डाला लागतो. झाकण कडेकडेनं कटकट आवाज करत सुटलं. आत बॅटरीचे तीन कप्पे होते. दोन सपाट, आणि मधला रुपेरी पाकिटातल्या उशीसारखा टम्म. तो बरोबर टचपॅडच्या पोटाखाली होता आणि त्याला खालून वर ढकलत होता. आधी कनेक्टर काढला, मग सात स्क्रू. भाच्यानं बॅटरी दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला उचलावं तशी उचलली. नवी बसवून, कागदावरचे स्क्रू परत जागेवर लावून, मशीन सुरू करायला चाळीस मिनिटं लागली. टचपॅडचा टक् आवाज परत आला तेव्हा मला खरोखर भरून आलं. याच मशीनवर माझी शंभराहून जास्त पुस्तकं झाली आहेत.

त्यानंतर भाच्यानं स्वतःचा लॅपटॉप उघडून दाखवला. तीच कंपनी, तीच मालिका, दोन पिढ्या नवा. अंगानं पातळ, दिसायला देखणा. आत रॅमची खाच नाही, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. बॅटरी चिकटवलेली, आणि की-बोर्ड वरच्या कव्हरला कायमचा जोडलेला, म्हणजे एक कळ गेली तरी अख्खं कव्हर बदलायचं. माझं मशीन बनवताना ज्या कंपनीला सात स्क्रू जमले होते, तिनं दोन पिढ्यांत ते काढून टाकले. मधल्या काळात कंपनी लहान झालेली नाही, उलट कितीतरी वाढली आहे. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

म्हणून मी कंपनीचा ताजा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल उतरवून घेतला. शंभरावर पानं. मुखपृष्ठावर जंगल. सूची करणाऱ्या माणसाला पुस्तक हातात आलं की नोंदी दिसायला लागतात, तशी मी पेन्सिलनं त्या अहवालाचीही सूची केली. 'रिसायकलिंग' या नोंदीपुढे पानांचे आकडे ओळभर झाले. 'कार्बन' दोन ओळी. 'पुरवठादार कारखान्यांतले कामगार' याला पूर्ण प्रकरण, आणि ते मी आस्थेनं वाचलं. २०१० मध्ये शेन्झेनमध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यांत कामगारांच्या आत्महत्या झाल्या, त्याच वर्षी अमेरिकेत यंत्रांत लागणारं कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं ते कंपन्यांनी सांगण्याबद्दलचा कायदा झाला, आणि त्यानंतर अशी प्रकरणं जास्त तपशीलवार होत गेली. 'रिपेअर' या नोंदीपुढे मात्र दोनच पानं आली. दोन्ही ठिकाणी एकेक वाक्य. यंत्राचं आयुष्य किती, सुटे भाग किती वर्षं मिळतील, याची नोंदच करता आली नाही, कारण मजकूर नव्हता.

हे नजरचुकीनं राहिलेलं नाही, असं माझं मत आहे. १९३९ मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी एका गॅरेजमध्ये ५३८ डॉलरांवर धंदा सुरू केला. मायकल डेलनं १९८४ मध्ये कॉलेजच्या खोलीत हजार डॉलरांवर. ॲपल १९७६ ची, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरांवर गेलं. एवढी वाढ टिकवायची तर दरवर्षी नवी यंत्रं विकली गेली पाहिजेत, आणि चालू असलेलं जुनं यंत्र त्या विक्रीच्या आड येतं. याचा पुरावा खुद्द ॲपलच्याच कागदावर आहे. जुने आयफोन बॅटरी थकल्यावर सॉफ्टवेअरनं मंद केले जातात, हे डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं आणि पुढचं वर्षभर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणला. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याच्या कारणांत, लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या, हेही एक कारण त्यात दिलेलं आहे. म्हणजे बॅटरी परवडली तर माणसं यंत्र वापरत राहतात. माझ्या चॅटमध्ये ती लिंक चार वेळा का आली, ते हे पत्र वाचल्यावर मला कळलं.

आणि हा प्रश्न माझ्या सोयीचा नाही. लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बनचा मोठा वाटा तो बनतानाच खर्च झालेला असतो. उत्पादक स्वतः प्रत्येक मॉडेलचा जो हिशेब छापतात त्यातच हे दिसतं. चिप, बोर्ड, स्क्रीन, बॅटरीतलं कोबाल्ट, ज्यातलं जगातलं निम्म्याहून जास्त एकट्या काँगोतून येतं. नवं मशीन घेतलं की तो सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून होतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात २०२२ या एका वर्षातला ई-कचरा ६.२ कोटी टन दिलाय, आणि त्यातला नोंद होऊन रीतसर रिसायकल झालेला फक्त २२.३ टक्के. ज्या नोंदीपुढे ओळभर पानं आली होती, तिचं प्रत्यक्षातलं काम एवढं आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये २०३० पर्यंत कार्बन-निगेटिव्ह होण्याचं, म्हणजे जितका कार्बन सोडतो त्याहून जास्त हवेतून काढून घेण्याचं, वचन दिलं. चार वर्षांनी तिच्याच अहवालात उत्सर्जन २०२० पेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी वाढल्याचं आलं, मुख्यतः डेटा सेंटर उभारल्यामुळे. वाढलेला आकडा छापला हे चांगलंच केलं. पण २०३० च्या वचनापेक्षा आज सुटा भाग मिळतो का, हे तपासणं ग्राहकाला शक्य आहे.

त्याच मायक्रोसॉफ्टचं एक उदाहरण मला खूप आशा देऊन गेलं. २०१७ चा पहिला सरफेस लॅपटॉप आयफिक्सिट या, यंत्रं खोलून त्यांना दुरुस्तीचे गुण देणाऱ्या संस्थेच्या लोकांनी खोलून पाहिला. वरचं कापडी आवरण फाडल्याशिवाय तो उघडतच नव्हता. दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण मिळाले. २०२१ मध्ये काही भागधारकांनी हा विषय लावून धरला आणि कंपनीनं दुरुस्तीबद्दल स्वतंत्र अभ्यास करून घ्यायचं कबूल केलं. २०२४ च्या सरफेस लॅपटॉपला आठ गुण मिळाले. आत भागांजवळ क्यूआर कोड, कुठे कोणता स्क्रू लागेल त्याच्या खुणा. मशीन जाड झालं नाही, कुरूप झालं नाही. सात वर्षांत शून्याचे आठ होतात, तर पातळपणासाठी बॅटरी चिकटवावीच लागते हे मला कुणी पटवून देऊ नये.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी ठेवावी लागणार आहे. एकदा डिझाइन बदललं की बाकीच्या जगालाही त्याचा फायदा मिळेल अशी माझी आशा आहे.

तर माझ्या मशीनच्या कंपनीचं काय घ्यावं? माझ्यासारखं जुनं मॉडेल चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, मशीनला मी दहापैकी नऊ देते. सेवेला दोन, आणि ते दोन्ही त्या मॅन्युअलसाठी. नवी पातळ मालिका मी स्वतः घेणार नाही. कुठल्याही कंपनीचं मशीन घेताना आधी सर्व्हिस मॅन्युअल शोधा, बॅटरीचं पान काढा आणि स्क्रू मोजा. मॅन्युअल मिळालंच नाही तर तेही एक उत्तर आहे. विक्रेत्याला विचारा की या मॉडेलची बॅटरी सहा वर्षांनी कोण देणार, आणि ते लेखी मागा.

फुगलेली बॅटरी टोकांना टेप लावून वाळूच्या डब्यात ठेवली होती. ती कंपनीच्याच संकलन केंद्रात नेऊन दिली. तिथली व्यवस्था चोख होती. मुलानं हातमोजे घातले, वेगळ्या पेटीत ठेवली, पैसे घेतले नाहीत आणि पावती दिली. पावती करताना त्यानं पार्ट नंबर टाकला, आणि संगणकावर तो लगेच सापडला, मॉडेलच्या नावासकट. परत घेण्याच्या यादीत माझी बॅटरी अजून आहे. ती विकण्याच्या यादीतही ठेवा, असं मी पावतीचा फोटो जोडून कंपनीला लिहिलंय.