जांबोटीच्या रानातले साहसी नेतृत्व शिबिर : एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

साहसी शिबिराच्या पत्रकावर दोरावर लोंबकळणाऱ्या मुलाचे छायाचित्र हमखास असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात डिसेंबरमध्ये भरलेल्या ज्या आठवडाभराच्या निवासी शिबिराला मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेलो, त्याच्या पत्रकावरही ते होतेच. प्रत्यक्षात दोराचा भाग सर्वांत किरकोळ निघाला. शुल्काचे चीज झाले ते रोज एका विद्यार्थ्याच्या हाती अख्खी तुकडी सोपवण्याच्या पद्धतीमुळे. ती पद्धत जिथे मनापासून राबवली गेली तिथे हे शिबिर उत्तम आहे आणि जिथे आयोजकांनीच ती गुंडाळून ठेवली तिथे ते महाविद्यालयाच्या सहलीपेक्षा फारसे वेगळे उरले नाही.

दोराने कडा उतरण्याचे आधी सांगून टाकतो. या भागातला जांभा दगड ठिसूळ असल्यामुळे दोर दोन वेगवेगळ्या जाड बुंध्यांना बांधले होते, उतरणाऱ्याच्या मुख्य दोराखेरीज सुरक्षेचा दुसरा दोर प्रशिक्षकाच्या हाती होता आणि कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, नीट बंद झाली आहे की नाही हे आधी जोडीदाराने, मग प्रशिक्षकाने हाताने चाचपून पाहिल्याशिवाय कोणालाही कड्याच्या टोकाशी जाऊ दिले जात नव्हते. साधने जुनी होती, पण निगा राखलेली होती. हेल्मेटे मात्र बहुतेक एकाच मापाची असल्याने लहान चणीच्या मुलींना आत रुमाल कोंबून ती बसवावी लागत होती, आणि इतक्या काटेकोर व्यवस्थेत ही कसर शोभत नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही चाळीसेक विद्यार्थी होतो. दहा-दहांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीला एक प्रशिक्षक दिला होता. तुकडीचा डे लीडर, म्हणजे त्या दिवसाचा म्होरक्या, रोज बदलत असे. सकाळी किती वाजता निघायचे, पाणी किती घ्यायचे, सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत शेवटी कोण चालणार, कोणाचा पाय दुखावला तर त्याचे ओझे कोण वाहणार, हे सगळे त्याने ठरवायचे. प्रशिक्षकाने जिवाला धोका असल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असा नियम होता. बेळगाव, निपाणी, चंदगड, धारवाड अशा चारी दिशांची मुले असल्याने मराठी, कन्नड आणि कोकणी यांची सरमिसळ दिवसभर चालू असे आणि पहिल्या संध्याकाळनंतर त्याचे कोणालाच काही वाटेनासे झाले.

या पद्धतीचा कस लागला तो नकाशावाचनाच्या दिवशी. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. आम्हाला १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर दाखवणारा नकाशा आणि होकायंत्र देऊन सांगण्यात आले, की या दोन खोऱ्यांमधला जलविभाजक, म्हणजे दोन्हींकडचे पाणी वेगळे करणारा उंचवटा, शोधा आणि त्याच्या माथ्यावरून चालत ठरलेल्या जागी पोहोचा. वाटेत एकही ओढा ओलांडावा लागला, तर तुम्ही माथा सोडला असे खुशाल समजा. समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, टोक चढाच्या बाजूला वळले असेल तर तिथे ओढा आणि उताराच्या बाजूला आले असेल तर तिथे डोंगराची सोंड, एवढे कागदावर कळायला वेळ लागत नाही. पण लागोपाठच्या दोन रेषांमध्ये उंचीचे २० मीटर अंतर असलेल्या नकाशात त्याहून कमी उंचीची टेकाडे दिसतीलच असे नाही, आणि झाडी दाट असली म्हणजे पायाखालची जमीन चढते आहे की उतरते आहे याचाच भरवसा राहत नाही.

त्या दिवशी आमची डे लीडर निपाणीकडची होती. तासाभराच्या चालीनंतर गुरांची एक मळलेली वाट लागली आणि सगळे हुश्श करून तिच्यावरून निघाले. थोड्याच वेळात वाळलेल्या पानांनी भरलेली, गोल गुळगुळीत धोंड्यांची एक घळ आडवी आली. त्यात पाण्याचा थेंब नव्हता, त्यामुळे हा ओढा नव्हेच, असे आमच्यातील निम्म्यांचे म्हणणे पडले. तिने सर्वांना खाली बसवले, नकाशा जमिनीवर पसरून होकायंत्राने उत्तर दिशा जुळवून घेतली, घळीतल्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या धोंड्यांवर हात फिरवला आणि शांतपणे परत वर चढायचा हुकूम सोडला. कुरकुर बरीच झाली. प्रशिक्षक मागे एका झाडाला टेकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हते. ते त्यांना कसे साधत असेल, याचे मला अजून कौतुक वाटते.

संध्याकाळच्या बैठकीत आधी लीडरने बोलायचे, मग तुकडीने आणि शेवटी प्रशिक्षकाने, असा क्रम होता. त्या दिवशी प्रशिक्षकांनी एकच प्रश्न विचारला : वाट चुकते आहे हे कोणाला आधीच ठाऊक होते का? बराच वेळ गेल्यावर जवळच्याच खेड्यातल्या एका मुलाने हात वर केला. ती वाट खाली गुरांच्या पाणवठ्यावर जाते हे त्याला पहिल्या वळणालाच कळले होते, पण नकाशा हातात धरलेल्या शहरातल्या मुलांना आपण काय सांगायचे, म्हणून तो गप्प राहिला होता. डे लीडरनेही त्याला विचारले नव्हते आणि आम्हीही नाही. नेतृत्व या विषयावर वर्गात दिलेली व्याख्याने मी कमी ऐकलेली नाहीत, पण त्या बैठकीतला तो अर्धा तास त्या सगळ्यांना पुरून उरेल. दुसऱ्या दिवसापासून निघण्यापूर्वी तुकडीतल्या प्रत्येकाला एकदा तरी विचारायचे, असा प्रघात पडला.

म्हणूनच शेवटच्या दिवसाची नाराजी लपवावीशी वाटत नाही. परतीच्या चालीत उशीर होऊ लागल्यावर प्रशिक्षकांनी लीडरला मागे चालायला सांगून सूत्रे स्वतःकडे घेतली. या रानात गवे आणि अस्वले आहेत, अंधार पडल्यावर तुकडी वाटेवर राहणे परवडणारे नव्हते, तेव्हा तो निर्णय कदाचित योग्यच होता. मात्र तो का घेतला आणि कोणत्या क्षणी लीडरने स्वतःहून तो घ्यायला हवा होता, यावर बोलायची बैठकच त्या संध्याकाळी झाली नाही. तिच्या जागी हारतुरे, पाहुण्यांचे भाषण आणि प्रमाणपत्रवाटप झाले. प्रमाणपत्रावर प्रत्येकाला नेतृत्वगुणांची श्रेणी दिली होती. दहाजणांच्या तुकडीत चालीचे मोजके दिवस असताना ज्यांना लीडर होण्याची पाळीच आली नाही त्यांची श्रेणी कशावरून ठरवली, हे विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

प्रथमोपचाराचे सत्र मात्र कोणत्याही विद्यार्थ्याने ऐकावे असे होते. सर्पदंश झाल्यावर आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची किंवा चोखायची नाही, अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यायचे, हे प्रशिक्षकांनी करून दाखवले. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनवलेली असते, घाटातल्या मलबार चापडा या सापाच्या विषावर ती चालत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. २०११ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या भीमगड परिसरातल्या बारापेडे गुहांकडे नेण्याचा हट्ट काही मुलांनी धरला होता, पण तिथल्या दुर्मीळ वटवाघळांना माणसांची वर्दळ सोसत नाही, असे सांगून त्यांनी तो साफ मोडून काढला.

जेवण साधे आणि पोटभर होते. भाकरी, पिठले, उसळ आणि सकाळी नाचणीची आंबील. प्रसाधनगृहे अपुरी होती आणि पहाटेच्या रांगेत बरीच भांडणे झाली.

आयोजकांनी तातडीने सुधारावी अशी एक गोष्ट म्हणजे पालकांच्या सहीचे हमीपत्र. मुलाला धोका कोणता आहे आणि जबाबदारी कोणाची, हे त्यात बारीक अक्षरांत आणि केवळ इंग्रजीत छापलेले होते. आमच्या तुकडीतल्या निम्म्या मुलांच्या घरी ते वाचून समजून घेणारे कोणी नव्हते आणि बहुतेकांनी मुलाच्या बोटाखालच्या रेघेवर सही केली. मराठी व कन्नड प्रती काढायला खर्च तो कितीसा येणार? नाव नोंदवणाऱ्यांनी तोवर हे पत्र कोणाकडून तरी घरी वाचून घ्यावे, विशेषतः विम्याचा आणि शुल्कपरतीचा मजकूर. सामानात गरम कपडे भरपूर घ्यावेत, कारण कणकुंबीकडची डिसेंबरमधली पहाट बेळगावच्या थंडीलाही मागे टाकते आणि दवाने तंबूचे कापड आतून ओले होते. मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.