'ट्रॅश': पाठलाग खणखणीत, शेवट फारच सोपा

रिओ द जानेरोच्या कचऱ्याच्या डोंगरावर वेचायला येणाऱ्या राफाएलच्या हाती एक पाकीट लागतं. पोलीस त्यासाठी बक्षीस जाहीर करतात. पोलीस एवढे उदार झाले म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, हे पोराला तिथल्या तिथे कळतं. दिग्दर्शक स्टीव्हन डॉल्ड्रीचा 'ट्रॅश' (2014) हा चित्रपट इथून जो सुटतो, तो अर्धा संपेपर्यंत दम खात नाही.

समीक्षकांचं मात्र एकमत झालं नाही. रोमच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पुरस्कार दिला. 2015च्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांमध्ये इंग्रजीतर चित्रपटांच्या नामांकनांत तो आपल्या 'द लंचबॉक्स'च्या बरोबरीने होता (पुरस्कार 'इडा'ला गेला). दुसऱ्या बाजूला, डॉल्ड्रीसारखा ब्रिटिश दिग्दर्शक आणि 'नॉटिंग हिल'सारखे गोड प्रेमपट लिहिणारा पटकथाकार रिचर्ड कर्टिस ब्राझीलला जाऊन गरिबी देखणी करून दाखवतात, असा आक्षेप होता.

पूर्वार्धाला हा आक्षेप लागू पडत नाही. तिथे गरिबी नुसती मागे टांगलेल्या पडद्यासारखी नाही, तीच कथा पुढे ढकलते. पाकिटातली किल्ली स्टेशनवरच्या लॉकरची आहे हे राफाएलचा साथीदार राटो ओळखतो, कारण ते जग त्याच्या पायाखालचं आहे. गटारं, गल्ल्या, पळवाटा या पोरांना पाठ आहेत, पोलिसांना नाहीत. राफाएल आणि त्याच्या दोन साथीदारांच्या भूमिकांतली रिक्सन टेवेझ, एदुआर्दो लुइस आणि गाब्रिएल वाइनस्टाइन ही तिन्ही मुलं अभिनयात नवखी, पण त्यांची आपसातली टिंगल, भांडणं आणि शिव्या कुठेही पाठ केल्यासारख्या वाटत नाहीत. चित्रपट उभा आहे तो यांच्या जिवावर.

गडबड होते ती मोठ्यांमुळे. मार्टिन शीनचा पाद्री आणि रूनी माराची शिक्षिका पटकथेला फक्त दारं उघडून द्यायला लागतात. मूळ कादंबरीत (अँडी मलिगन, 2010) निवेदक बदलत जातात. इथे त्याऐवजी मुलं व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर बोलतात. पण त्यांनी नुकतंच केलेलं आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे हे तुकडे वेग तेवढा कमी करतात.

खरा दोष सुरांचा. पोलिसांच्या गाडीत राफाएलला होणारी मारहाण अंगावर येते. ती इतकी खरी आहे की त्यानंतर परतणारा खेळकरपणा पटत नाही. बायबलच्या आधारे सुटणारं आकड्यांचं कोडं घाईत उरकलंय, आणि दफनभूमीतला योगायोग तर लेखकाने हात टेकल्याची कबुलीच. शेवट सांगत नाही. पण ज्या व्यवस्थेची आधी एवढी भीती दाखवली, ती इतक्या सहज वाकत असेल तर ती भीती कशाची होती? गरिबी देखणी केल्याचा आक्षेप इथे लागतो.

पाहणार असाल तर मूळ पोर्तुगीज आवाजात, सबटायटलसह पाहा; डबिंगमध्ये मुलांच्या बोलण्यातली अर्धी गंमत जाईल. लहान मुलांना घेऊन बसू नका. पोस्टर साहसकथेचं असलं तरी मारहाण आणि शिव्या भरपूर आहेत. (कादंबरीसुद्धा याच कारणांवरून 'ब्लू पीटर' या ब्रिटिश बालसाहित्य पुरस्काराच्या यादीतून वगळली गेली होती.) आणि ब्राझिलियन अभिनेता वाग्नर मौरासाठी जाणार असाल तर अपेक्षा आवरा: 'एलिट स्क्वॉड' या पोलीसपटातला हा कॅप्टन इथे पोलिसांपासून पळणाऱ्याच्या भूमिकेत आहे, तोही मोजक्याच प्रसंगांत.