३,८४९ रुपयांत दोन कोअर

प्रोसेसरमधले बंद कोअर (एकेक कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) चालू करून देतो म्हणणाऱ्या एका भामट्याने मला गंडवलं, त्याची ही गोष्ट. आधीच सांगतो, मी अडाणी नाही. २०१० साली माझ्याकडे फेनम टू एक्स२ ५५० हा एएमडीचा दोन कोअरचा प्रोसेसर होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एसीसी नावाचा पर्याय ऑन केला आणि दोनाचे चार कोअर झाले, स्क्रीनवर नावसुद्धा 'फेनम टू एक्स४ बी५०' असं आलं. पाच वर्षं पिटला तो पीसी. तेव्हा चार कोअरची चिप दोन बंद करून विकायचे, आणि नशीब असेल तर ते दोन धडधाकट निघायचे. म्हणून "दादा, तुमच्या रायझन ५ ५६०० मध्येही आठ कोअर आहेत, दोन झोपवलेत" असं तो भामटा म्हणाला तेव्हा मला ते पटलं. कारण ते खरंच आहे! फक्त आता ते कारखान्यातच फ्यूज उडवून कायमचे बंद करतात, एवढं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लग्नसराई होती, तीन लग्नांचं एडिटिंग तुंबलं होतं. नवा प्रोसेसर परवडत नव्हता. बुकिंगचे १,४९९, काम झाल्यावर २,३५०. यूपीआयने.

मग तो म्हणाला, "एनीडेस्क टाका." म्हणजे लांबून दुसऱ्याचा पीसी चालवायचं ॲप.

इथे. इथेच माझ्या कानाखाली कोणीतरी वाजवायला हवी होती. कोअर किती ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच ठरतं. जे काम मी स्वतः डिलीट दाबून, बायोसमध्ये शिरून केलं होतं, ते हा माणूस लांबून माऊस फिरवून करत होता आणि मी चहा पीत बघत होतो. काळी खिडकी उघडली, चार ओळी पळाल्या, सिस्टिमच्या पानावर 'रायझन ७ ५८००एक्स', म्हणजे आठ कोअरवाला. बायकोला हाक मारून दाखवलं, ते वेगळंच. "दोन दिवस पीसी बंद करू नका, कोअर सेट व्हायला लागतात." कोअर म्हणजे काय दही आहे? पण नाही केला बंद.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली. परत चालू केला तर ५६००. पठ्ठ्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नुसतं नाव बदललं होतं, आणि ती नोंद दर वेळी पीसी सुरू होताना नव्याने लिहिली जाते. टास्क मॅनेजरमध्ये कोअर ६, लॉजिकल प्रोसेसर १२ हे पहिल्या दिवसापासून समोर होतं. नाव बघू नका, आकडे बघा. प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड फुकट मिळतं, तेही चालवा.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" विषय संपला. पोलीस ठाण्यात तर कहर.

"कॉम्प्युटर चालतोय?"

"हो साहेब."

"आधीसारखाच?"

"हो."

"मग गेलं काय?"

३,८४९ रुपये गेले, साहेब! "कोअर म्हणजे रॅम का?" सायबरचे साहेब बंदोबस्ताला, मग रजेवर, मग मीटिंगला. चार हेलपाटे. शेवटी अर्ज घेतला, त्यावर लिहिलं काय, तर 'संगणक दुरुस्तीच्या पैशांवरून वाद'. दुरुस्ती! पोच मागून मागून मिळाली. पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि माझ्यासारखं लाजेने चार दिवस गप्प बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासाला फोन करा.

ब्राउझरमधले पासवर्ड मी आठवड्याने बदलले. तुम्ही तेव्हाच बदला, तो आत येऊन गेलाय. विंडोज नव्याने टाकायचे ६०० वेगळे, म्हणजे एकूण ४,४४९.

काल एका ग्रुपवर त्याचीच जाहिरात दिसली. आता इंटेलच्या आय५ प्रोसेसरचा आय७ सुद्धा करून मिळतो. बुकिंग १,९९९.